गहू, निदण आणि ज्ञानाची राखण

ज्ञान मिळविणे हे पुण्यकर्म आहे, याविषयी आपल्या समाजात फारसे दुमत नाही. शाळा काढणारा, ग्रंथालय बांधणारा, प्रयोगशाळेला देणगी देणारा मनुष्य आपल्याकडे आदरास पात्र ठरतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्ञान एकदा जन्मास आले की ते आपल्या जन्मदात्याच्या घरी राहत नाही. ते बाजारात जाते, कारखान्यात जाते, शेतात जाते आणि प्रसंगी लष्कराच्या छावणीतही जाते. तेथे त्याच्या हातून जे बरेवाईट घडते, त्याचा जाब कोणी द्यावयाचा? शोध लावणाऱ्याने? त्याला पैसा पुरविणाऱ्याने? की ज्याने त्या ज्ञानाचा वापर केला त्यानेच?

हा प्रश्न अणुबाँबच्या संदर्भात पुष्कळदा चर्चिला गेला आहे. पण तेथे शस्त्र करावयाचे हे आधीपासूनच ठरलेले होते, त्यामुळे उत्तर देणे त्या मानाने सोपे जाते. आम्ही येथे मुद्दाम एक निरुपद्रवी वाटणारे उदाहरण घेत आहोत. झाडांच्या पानांचा, मुळांचा आणि फळांचा अभ्यास करणारी एक संस्था; तिला ना कोणाशी युद्ध करावयाचे होते, ना नफा मिळवावयाचा होता. अशा संस्थेच्या बाबतीतही हा प्रश्न सुटत नसेल, तर तो आपल्या सर्वांचाच प्रश्न आहे असे समजावे.

भुकेच्या भीतीतून जन्मलेली संस्था

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात 'बॉइस थॉम्प्सन इन्स्टिट्यूट' या नावाची वनस्पतिविज्ञानाची संशोधन संस्था आहे. ती सरकारी नाही आणि नफ्यासाठी चालविलेलीही नाही. एका व्यक्तीच्या दानावर उभी राहिलेली ही स्वतंत्र संस्था आहे. तिचा संस्थापक विल्यम बॉइस थॉम्प्सन (१८६९–१९३०) हा मोन्टाना या खाणींच्या मुलखात वाढला. तांब्याच्या खाणी आणि शेअरबाजार यांतून त्याने अफाट संपत्ती मिळविली. १९१७ साली अमेरिकन रेड क्रॉसच्या शिष्टमंडळाबरोबर तो रशियात गेला. झारचे राज्य संपले होते, केरेन्स्कीचे हंगामी सरकार डळमळत होते आणि शहरांतून भाकरीची टंचाई होती. या सरकारला आधार मिळावा म्हणून थॉम्प्सनने स्वतःचे दहा लाख डॉलर खर्च केले. त्याचा उपयोग झाला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतली.

थॉम्प्सन रशियातून एक धडा घेऊन परतला. समाजाची शांतता अन्नावर अवलंबून असते आणि अन्न वनस्पतींवर. तेव्हा वनस्पती कशा वाढतात, कशा रोगी होतात, कशा मरतात हे मुळापासून समजून घेतले पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. याँकर्स या गावी, आपल्या प्रासादासमोरच, त्याने ही संस्था उभारली. १९२४ साली तिचे दरवाजे उघडले. तिच्यासाठी सुमारे एक कोटी डॉलरचा निधी त्याने राखून ठेवला आणि आपल्या आईवडिलांच्या घराण्यांची नावे तिला दिली. १९७८ मध्ये ही संस्था इथाका येथे कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात गेली. तथापि तिचा कारभार स्वतंत्रच राहिला.

या दानाविषयी दोन आक्षेप कोणीही घेईल. पहिला आक्षेप पैशाच्या उगमाविषयीचा. खाणीच्या खोल अंधारात ज्यांनी घाम गाळला, त्यांच्या श्रमातून निर्माण झालेले धन एका मनुष्याच्या नावे झाले, आणि त्यातून त्याने दातृत्व मिळविले. दुसरा आक्षेप हेतूविषयीचा. भुकेल्यांविषयीच्या करुणेपेक्षा, भुकेले लोक बंड करतात ही भीतीच या दानामागे अधिक असावी. आम्हांला हे दोन्ही आक्षेप खोटे वाटत नाहीत; पण ते निर्णायकही वाटत नाहीत. जगातील किती विहिरी, किती धर्मशाळा, किती रुग्णालये केवळ निर्मळ मनाने बांधली गेली असतील? दात्याच्या मनाचा न्याय करणे हे आपले काम नव्हे. दानाच्या बाबतीत आपण एवढेच विचारू शकतो, की ते दिल्यानंतर दात्याने त्याच्यावरील आपला हात काढून घेतला की नाही. थॉम्प्सनने तो बराचसा काढून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. शोध कोणत्या दिशेने जावा, हे खाणमालकाने नव्हे तर शास्त्रज्ञांनी ठरवावे, अशी या संस्थेची घडण होती.

तेव्हा येथे स्वातंत्र्य होते. मात्र स्वातंत्र्य म्हणजे केवळ कोणाच्या हुकुमातून सुटणे नव्हे. ते कशासाठी मिळाले आहे, हेही विचारावे लागते. आमच्या विवेचनाचा सारा भार पुढे याच प्रश्नावर येणार आहे.

एकाच मेजावर मुळे आणि मरण

संस्थेचा पहिला संचालक विल्यम क्रॉकर हा शिकागोहून आला होता. तेथे १९०८ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने एक कोडे सोडविले होते. काचघरांतील कार्नेशनची फुले उमलता उमलता मिटून जात असत. रस्त्यांवरील दिव्यांसाठी नळांतून येणारा वायू गळत होता आणि त्यातील इथिलीन हा घटक फुलांना बाधत होता. पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये असे सिद्ध झाले, की पिकणारे फळ स्वतःच इथिलीन बाहेर टाकते. लगेच १९३५ मध्ये क्रॉकर, हिचकॉक आणि झिमरमन या त्रयीने याँकर्सहून असे प्रतिपादन केले, की इथिलीन हे वनस्पतीचे स्वतःचे संप्रेरक आहे, फळाला पिकण्याचा निरोप देणारे.

आपल्याकडील शेतकऱ्याला या गोष्टीचे आश्चर्य वाटू नये. गवतात आंब्याची अढी घालावी, केळीचे घड बंद खोलीत ठेवून धुरी द्यावी, हे आपले वाडवडील करीतच आले. एक पिकला आंबा बाकीच्यांना पिकवितो हे त्यांना ठाऊक होते. तसेच एक नासका आंबा सारी अढी नासवितो हेही. धुरातील ज्या गोष्टीने केळी पिकते ती कोणती, एवढेच प्रयोगशाळेने सांगितले. या ज्ञानामुळे आज केळी, आंबे यांच्यासाठी घातक कार्बाइडला बंदी घालून त्याऐवजी ठरावीक मर्यादेत इथिलीन वायू वापरण्यास आपल्या देशात २०१६ पासून परवानगी आहे. निरुपद्रवी ज्ञानाचा हा निरुपद्रवी उपयोग झाला.

याच १९३५ साली याच संस्थेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवून दिले, की इंडोल ब्युटिरिक आम्लासारख्या काही कृत्रिम द्रव्यांत बुडविलेल्या फांदीच्या तुकड्याला मुळे फुटतात. आज कोणत्याही रोपवाटिकेत जावे. डाळिंबाची किंवा जास्वंदीची कलमे ज्या भुकटीत बुडवून लावतात, तिचा उगम या प्रयोगांत आहे. जे झाड कलमाने जगत नसे, ते जगू लागले.

आणि मग १९४२ साल उजाडले. झिमरमन आणि हिचकॉक यांनी याच जातीच्या अनेक द्रव्यांची पारख करून त्यांच्या परिणामांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांत एक द्रव्य असे होते, की ते अत्यल्प प्रमाणात दिले तरी वनस्पतीच्या वाढीवर विलक्षण प्रभाव पाडीत असे. त्याचे रासायनिक नाव लांबलचक आहे. शेतकरी त्याला 'टू-फोर-डी' म्हणून ओळखतो. त्याची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. वनस्पतीच्या अंगी वाढीचा संदेश देणारे नैसर्गिक द्रव्य असते. ते काम झाले की वनस्पती त्याची विल्हेवाट लावते. टू-फोर-डी हे त्या द्रव्याचे सोंग घेते, पण रुंद पानांच्या वनस्पतींना त्याची विल्हेवाट लवकर लावता येत नाही. परिणामी वाढीचा संदेश थांबतच नाही. देठ पिळवटतात, पाने वेडीवाकडी होतात, रस वाहून नेणाऱ्या नलिका निकामी होतात आणि झाड आपल्याच अनावर वाढीने मरते. गहू, मका, ऊस अशा गवतवर्गीय पिकांना मात्र ते बेताच्या मात्रेत फारसे बाधत नाही.

एकाच मेजावर, त्याच हातांनी, एकाच कुळातील द्रव्यांनी मुळे फुटत होती आणि झाडे मरत होती. फरक द्रव्याचा आणि मात्रेचा होता. शोधणाऱ्याच्या हेतूत मात्र काहीही फरक नव्हता. आमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

शेत आणि रणांगण

१९४५ च्या सुमारास टू-फोर-डी तणनाशक म्हणून बाजारात आले. ते एकट्या याँकर्सचे अपत्य नव्हते. इंग्लंडमध्येही त्याच काळात स्वतंत्रपणे हेच शोध चालू होते. आज ते आपल्या गावोगावच्या कृषिसेवा केंद्रांतून मिळते. त्याचे मोल ठरविताना घाई करून चालणार नाही. ज्यांनी कधी दिवसभर वाकून निंदणी-खुरपणी केली आहे, किंवा आपल्या आईला ती करताना पाहिले आहे, त्यांना तणनाशकाविरुद्ध चार शब्द लिहिणे तितके सोपे जाणार नाही. कंबर मोडणारे ते काम बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला आले आहे. एका फवारणीने ते काम हलके झाले, हे खरे. त्याच फवारणीने त्याच स्त्रियांचा रोजही गेला, हेही तितकेच खरे. एकाच वस्तूने एकाच बाईच्या पाठीचे ओझे उतरविले आणि तिच्या चुलीवरचे भांडेही हलके केले.

पण या द्रव्याचा दुसरा प्रवास याहून कितीतरी भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची पिके मारण्यासाठी अशा द्रव्यांचा उपयोग होईल काय, याचे गुप्त संशोधन अमेरिकेत झाले. त्या युद्धात प्रत्यक्ष वापर झाला नाही. पुढे व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी सात कोटी लीटरहून अधिक तणनाशके जंगलांवर, खाजणांतील वनांवर आणि शेतांवर फवारली. त्यांतील सर्वांत मोठा वाटा 'एजंट ऑरेंज' या मिश्रणाचा होता. टू-फोर-डी आणि त्याचेच भावंड टू-फोर-फाइव्ह-टी ही दोन द्रव्ये जवळपास समसमान मिसळून ते तयार होत असे. दुसऱ्या द्रव्याच्या निर्मितीत डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य अशुद्धी म्हणून शिरत होते. त्याचे परिणाम त्या देशातील माणसांनी आणि फवारणी करणाऱ्या सैनिकांनीही भोगले.

यातील एक गोष्ट आमच्या मनाला विशेष झोंबते. ही फवारणी केवळ जंगले उघडी पाडण्यासाठी नव्हती. तिचा एक भाग उभ्या पिकांवर होता, शत्रूला अन्न मिळू नये म्हणून. भातासाठी आर्सेनिकयुक्त निराळे द्रव्य होते. कंदमुळे, शेंगवर्गीय पिके अशा रुंद पानांच्या पिकांसाठी एजंट ऑरेंज चाले. १९१७ साली रशियातील भूक पाहून ज्या मनुष्याने वनस्पतिविज्ञानाची संस्था काढली, त्या संस्थेच्या मेजावर ज्या ज्ञानाची प्रथम नोंद झाली, त्या ज्ञानाचा हात धरूनच पन्नास वर्षांच्या आत भूक शस्त्र म्हणून पेरली गेली.

सुरीचे उत्तर आणि साखळीचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झिमरमन आणि हिचकॉक यांना, किंवा त्यांच्या संस्थेला, आपण दोष देणार काय?

एक उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्ञान सुरीसारखे आहे, असे म्हणतात. सुरीने भाजी चिरता येते आणि गळाही. दोष सुरीचा नव्हे, लोहाराचाही नव्हे, दोष हाताचा. हे उत्तर ऐकावयास चोख आहे, पण ते फार लवकर सुटका करते. लोहार सुरी विकतो तेव्हा ती कोणाच्या हाती जात आहे हे त्याला दिसत असते. गिऱ्हाईक रक्ताने माखलेले आले, तर सज्जन लोहार विचारील की नाही? ज्ञानाच्या बाबतीत गिऱ्हाईक दिसत नाही, म्हणून विचारण्याचे कर्तव्यच नाहीसे होते, असे म्हणणे म्हणजे डोळे मिटून घेण्याला निष्पापपणा म्हणणे होय.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे आहे. साखळीतील प्रत्येक कडी दोषी, असे ते म्हणते. खाणमालक दोषी, शास्त्रज्ञ दोषी, कारखानदार दोषी, वैमानिक दोषी. हे उत्तर कठोर आहे म्हणून ते अधिक नैतिक वाटते. पण ते मान्य केले, तर शोधच थांबवावे लागतील. कारण कोणत्याही शोधाचे शेवटचे फळ कोणालाही दिसत नसते. आणि ते फळ नेहमी कडूच असते असेही नाही. याच संस्थेतील रॉबर्ट ग्रॅनॅडॉस हे किडींना मारणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत होते. त्यासाठी कोबी खाणाऱ्या एका उंटअळीच्या पतंगापासून पेशी मिळवून त्यांनी त्या प्रयोगशाळेत वाढविल्या. हेतू होता पिकावरील किडीचा बंदोबस्त. पुढे या पेशी प्रथिने तयार करण्यास विलक्षण उपयोगी ठरल्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणारी 'सर्व्हेरिक्स' ही लस त्यांच्यातून तयार झाली. २००७ पासून ती निरनिराळ्या देशांत वापरात आली. कोबीच्या अळीचा अभ्यास करणाऱ्याला स्त्रियांचे प्राण वाचविण्याचे श्रेय आपण आनंदाने देतो. मग वाढीच्या द्रव्यांचा अभ्यास करणाऱ्याला रणांगणातील फवारणीचा दोष का देऊ नये? श्रेय घ्यावयाचे आणि दोष टाळावयाचा, हा हिशेब सरळ नव्हे. पण दोन्ही घ्यावयाचे म्हटले, तर मनुष्याला देवाची सर्वज्ञता असावयास हवी.

गहू आणि निदण

या पेचात सापडलेल्या मनाला शुभवर्तमानातील एक दाखला वेगळी वाट दाखवितो. शेतात गहू पेरलेला आहे. रात्री कोणी वैरी येऊन त्यात निदण पेरून जातो. चाकर विचारतात, आम्ही ते उपटून काढू काय? धनी नको म्हणतो. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू द्या. ज्याला त्या दाखल्यात निदण म्हटले आहे, ते बहुतेक अभ्यासकांच्या मते गव्हासारखेच दिसणारे एक विषारी गवत असावे. कोवळेपणी ते गव्हापासून ओळखता येत नाही. कणीस आल्यावरच कळते. गंमत अशी, की ते गवतवर्गीय असल्यामुळे टू-फोर-डी फवारूनही ते मरणार नाही. रुंद पानाचे तण सहज ओळखू येते आणि मारताही येते. गव्हाचेच रूप घेतलेले निदण ओळखण्याची विद्या मात्र कोणत्याही बाटलीत मिळत नाही.

ज्ञानाच्या शेतातही असेच आहे. पेरणीच्या वेळी कोणता दाणा गव्हाचा आणि कोणता निदणाचा हे दिसत नाही. म्हणून सुरुवातीलाच सर्व उपटून टाका, असे सांगणारा मनुष्य गव्हाचाही शत्रू आहे. पण या दाखल्यातून आणखी एक अर्थ काढता येतो, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. धनी चाकरांना उपटू नका म्हणतो. निघून जा म्हणत नाही. कापणीपर्यंत त्यांना शेतातच राहावयाचे आहे, दोन्हींची वाढ डोळ्यांसमोर पाहावयाची आहे आणि कणीस आल्यावर निवडही करावयाची आहे. लोक झोपेत असताना वैरी येऊन गेला, ही गोष्टही त्याच दाखल्यात आहे.

उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला बागेत ठेवले गेले ते दोन कामांसाठी: मशागत आणि राखण. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या विश्वपत्रात या दोन शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध पुन्हा सांगितला. आधुनिक विज्ञानाने मशागत अपूर्व केली. राखणीचे काम मात्र त्याने दुसऱ्या कोणाचे तरी मानले: सरकारचे, न्यायालयाचे, फार तर धर्मोपदेशकाचे. आमचे म्हणणे एवढेच, की ज्याने मशागत केली त्याच्याकडून राखण काढून घेता येत नाही. शोधाचे सर्व परिणाम आधी दिसले पाहिजेत, अशी अपेक्षा त्याच्याकडून नाही. परिणाम दिसू लागतील तेव्हा त्याने जागे असावे आणि बोलावे, ही अपेक्षा मात्र आहे.

अशी राखण करणारा एक मनुष्य या कथेत आहे. आर्थर गाल्स्टन हे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९४३ साली इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेटसाठी त्यांनी सोयाबीन लवकर फुलावे म्हणून एका द्रव्याचे प्रयोग केले होते. मात्रा वाढली तर त्या द्रव्याने पाने गळून पडतात, हे त्यांनी प्रबंधात नोंदविले. ते द्रव्य व्हिएतनाममध्ये फवारले गेले नाही. परंतु आपल्या नोंदीचा उपयोग लष्करी संशोधकांनी पाने गाळणाऱ्या द्रव्यांच्या शोधात केला, हे त्यांना पुढे कळले. तो माझा दोष नव्हे, असे म्हणून त्यांना स्वस्थ बसता आले असते. पण साठच्या दशकात त्यांनी व्हिएतनाममधील फवारणीविरुद्ध आवाज उठविला, इतर शास्त्रज्ञांना बरोबर घेतले, सरकारकडे धरणे धरले. टू-फोर-फाइव्ह-टीमुळे प्राण्यांच्या पिलांत जन्मजात व्यंगे निर्माण होतात, असे दाखविणारे पुरावे पुढे आले. १९७० मध्ये एजंट ऑरेंजचा वापर थांबविण्यात आला. निसर्गाच्या अशा जाणूनबुजून केलेल्या संहाराला नाव असावे म्हणून त्याच वर्षी गाल्स्टन यांनी 'इकोसाइड' हा शब्द प्रचारात आणला. आपल्या शोधाशी अखेरपर्यंत गुंतून राहणे हाच शास्त्रज्ञाचा मार्ग, असा त्यांचा निष्कर्ष होता. यालाच आम्ही राखण म्हणतो.

स्वातंत्र्याचे ऋण

आता स्वातंत्र्य कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कारखान्यातील पगारी संशोधकाला बोलण्यापूर्वी आपल्या मालकाकडे पाहावे लागते; त्याची मुलेबाळे त्या पगारावर जगत असतात. लष्करी प्रयोगशाळेतील संशोधकाच्या तोंडावर गुप्ततेचे कुलूप असते. विद्यापीठातील प्राध्यापकाला अनुदानाची चिंता असते. ना नफा, स्वतंत्र, विश्वस्तांच्या हातातील संस्था ही या सर्वांहून अधिक मोकळी असते. म्हणून तिच्यावरील ऋणही अधिक असते. तिला मिळालेले स्वातंत्र्य हे केवळ स्वतःच्या जिज्ञासेसाठी नाही. इतरांना बोलता येत नाही तेथे तिने बोलावे, यासाठीही ते आहे. ज्या संस्थेला कोणाची भीती नाही, ती गप्प बसली तर तिच्या गप्प बसण्याला कोणतीच सबब उरत नाही.

बोलण्याचा एक मार्ग म्हणजे ज्ञान उघडे ठेवणे. टोमॅटोच्या संपूर्ण जनुकीय आराखड्याचे वाचन करण्यासाठी अनेक देशांचे शास्त्रज्ञ एकत्र आले होते. बॉइस थॉम्प्सन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता, आणि भारतीय शास्त्रज्ञांनी पाचव्या गुणसूत्राचे काम स्वीकारले होते. २०१२ मध्ये तो आराखडा प्रसिद्ध झाला. टोमॅटो, बटाटा, मिरची, वांगी यांच्या कुळाची अशी माहिती ही संस्था जगातील कोणालाही विनामूल्य पाहता येईल अशा रीतीने ठेवते. खाणीतून निघालेल्या तांब्यावर मालकाचे नाव होते. त्या तांब्याच्या पैशातून निघालेले हे ज्ञान मात्र कोणा एकाच्या नावावर नाही. दानाचे याहून चांगले प्रायश्चित्त कोणते असेल?

तथापि ज्ञान उघडे ठेवले म्हणजे राखण पुरी झाली, असे नव्हे. १९४२ सालची ती नोंदही उघडीच होती. ती शेतकऱ्याच्या वाचनात आली नाही, युद्ध करणाऱ्यांच्या मात्र आली. उघड्या दारातून प्रथम तो येतो ज्याच्यापाशी पैसा आणि सैन्य आहे. दुबळ्याला तेथवर पोहोचण्यासच वेळ लागतो. म्हणून स्वतंत्र संस्थेने दार उघडावेच, पण दाराशी उभेही राहावे. आपल्या ज्ञानाचा वापर कोठे, कोण, कोणावर करीत आहे याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे, ती लोकांच्या भाषेत सांगणे आणि हानी दिसली तर स्वतः पुढे येऊन ती जाहीर करणे, हे नव्या शोधाइतकेच तिचे काम आहे. या कामाला पारितोषिके मिळत नाहीत. म्हणूनच ते करण्यासाठी स्वतंत्र पैसा लागतो.

वारा आणि शेजारी

हे सर्व दूरच्या अमेरिकेतील संस्थांसाठी आहे, असे समजून आपण मोकळे होऊ नये. टू-फोर-डी फवारताना वारा असेल, तर त्याचे तुषार बांध ओलांडून जातात. कपाशी आणि द्राक्षवेल ही त्याला फार नाजूक. अगदी थोडा अंश पोहोचला तरी पाने आखडून बोटांसारखी होतात. आपल्या उसातील तण मारणाऱ्या मनुष्याने शेजाऱ्याची कपाशी पाहिलेलीही नसते. १९४२ मधील शास्त्रज्ञापेक्षा त्याची स्थिती निराळी आहे; कारण परिणाम काय होतो हे आता सर्वांना ठाऊक आहे, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे हे त्याला हात वर करून कळू शकते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या द्रव्याची गणना कर्करोगास कदाचित कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांत केली. तेव्हा तोंडाला फडके न बांधता पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराचाही विचार करणे मालकावर आले.

माझा शेजारी कोण, हा प्रश्न एका शास्त्र्याने विचारला होता, आणि त्याचे उत्तर त्याला वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याच्या कथेतून मिळाले. विज्ञानाच्या युगात त्या प्रश्नाची कक्षा वाढली आहे. आपल्या कृतीचा तुषार जेथवर जाऊन पोहोचतो, तेथवर आपला शेजार आहे. शास्त्रज्ञाचा शेजार खंडाच्या पलीकडे असेल, शेतकऱ्याचा बांधाच्या पलीकडे; पण दोघांचे कर्तव्य एकच. पेरण्यापूर्वी शक्य तितके पाहावे. पेरल्यावर झोपी जाऊ नये. आणि निदण दिसले, तर ते आपल्याच हातच्या पेरणीतून उगवले आहे हे मान्य करून सर्वांच्या आधी आपण बोलावे. दाता, संशोधक आणि शेतकरी या तिघांनीही एवढी राखण पत्करली, तर ज्ञानाला भिण्याचे कारण राहणार नाही.